वैद्यकीय शिक्षण आणि वैद्यकीय ग्रंथालयांतील आभासी वास्तव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वैद्यकीय ग्रंथालयात हेडसेट आल्यापासून देवघेवीच्या टेबलाशी जे प्रश्न विचारले जातात, त्यांतून ही प्रश्नोत्तरे तयार झाली आहेत. विचारणाऱ्यांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी असतात, शरीररचनाशास्त्राचे अध्यापक असतात आणि इतर ग्रंथालयांतले सहकारीही असतात. जिथे आमचे केवळ मत आहे, तिथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

आभासी वास्तव, संवर्धित वास्तव आणि मिश्र वास्तव यांत नेमका फरक कोणता?

आभासी वास्तवात, ज्याला सर्रास व्हीआर म्हटले जाते, डोळ्यांवर चढवलेला हेडसेट भोवतालची खोली पूर्ण झाकून टाकतो आणि तिच्या जागी संगणकाने उभे केलेले दुसरे जग दाखवतो. संवर्धित वास्तवात, म्हणजे एआरमध्ये, खरी खोली दिसतच राहते आणि तिच्यावर चित्राचा किंवा माहितीचा एक थर चढतो. मोबाइलचा कॅमेरा पुस्तकातल्या आकृतीवर धरताच पडद्यावर त्रिमितीय हृदय उभे राहते, हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण. मिश्र वास्तवात ते हृदय खोलीतल्या टेबलावर ठेवल्यासारखे स्थिर राहते, टेबलाला वळसा घातला तर त्याची मागची बाजू दिसते आणि कोणी मध्ये हात घातला तर ते हातामागे झाकलेही जाऊ शकते.

पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये या प्रकारांची मांडणी एका सलग पट्टीच्या रूपात केली. पट्टीच्या एका टोकाला संपूर्ण खरे जग, दुसऱ्या टोकाला संपूर्ण आभासी जग आणि मधली सगळी जागा मिश्र वास्तवाची, अशी ती कल्पना आहे. आज बरेच हेडसेट बाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली खोली आत दाखवू शकतात, त्यामुळे एकच यंत्र या पट्टीवर मागेपुढे सरकू शकते. म्हणूनच या साऱ्यांना मिळून एक्सआर म्हणण्याची पद्धत पडली आहे.

हे तंत्रज्ञान नवीन आहे का?

नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवायचा पडदा दाखवला होता. डोके कुठे वळते हे टिपणारी त्याची यंत्रणा छताला टांगलेली होती. नवे काही असेल तर ते किंमत आणि आकार हे आहे. ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटच्या २०१२ मधील लोकवर्गणीच्या मोहिमेनंतर हेडसेट सामान्य संस्थांच्या आवाक्यात येऊ लागले आणि २०१९ नंतर संगणकाला तारेने न जोडता चालणारे हेडसेट सर्वत्र दिसू लागले.

वैद्यकीय शिक्षणाने मात्र 'खऱ्या रुग्णाआधी सराव' ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून मानली आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे कापड व चामड्याच्या पुतळ्यावर सुईणींना प्रसूतीचे शिक्षण देत असत, आणि १९६० पासून रेस्क्युसी ॲन हा पुतळा हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचा सराव करून घेत आला आहे. हेडसेट या परंपरेतला पुढचा टप्पा आहे, आणि त्याच्याकडे तसेच पाहिले की अपेक्षाही वाजवी राहतात.

३६० अंशांचा व्हिडिओ म्हणजे व्हीआरच ना?

हेडसेटमधून पाहता येतो म्हणून लोक तसे म्हणतात, पण फरक लक्षात ठेवावा. ३६० अंशांच्या व्हिडिओत मान वळवून चहूकडे पाहता येते. पुढे पाऊल टाकले तर मात्र दृश्य जवळ येत नाही. शस्त्रक्रियागृहातली माणसे कुठे उभी असतात आणि निर्जंतुक क्षेत्र कुठून सुरू होते, हे दाखवायला तो उत्तम आहे. कवटीच्या तळातली छिद्रे समजून घ्यायची असतील, तर वस्तूभोवती फिरता आले पाहिजे आणि ती हातात धरून उलटता आली पाहिजे. तिथे व्हिडिओ अपुरा पडतो.

शवविच्छेदनाची जागा हे घेईल का?

आमचे स्पष्ट मत असे आहे की घेणार नाही आणि घेऊही नये. शवविच्छेदनात विद्यार्थ्याला केवळ रचना दिसत नाही. मज्जातंतू आणि बारीक रक्तवाहिनी यांतला फरक बोटांना कळतो, पुस्तकात पिवळी, लाल आणि निळी असलेली प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात जवळजवळ एकाच रंगाची असते हे कळते, आणि दोन देहांत एकच धमनी वेगवेगळ्या ठिकाणी फुटलेली असू शकते हेही कळते. शिवाय ज्या माणसाने आपला देह दिला, त्याच्यासमोर उभे राहण्याचा जो संस्कार विद्यार्थ्यावर होतो, तो कोणत्याही पडद्यातून होत नाही.

तरीही आभासी प्रतिकृतीला स्वतःची अशी जागा आहे. विच्छेदनात एकदा कापलेला स्नायू पुन्हा जोडता येत नाही. आभासी देहात तो शंभर वेळा काढून शंभर वेळा परत ठेवता येतो. आतल्या कानाची अर्धवर्तुळाकार नलिका किंवा गर्भाच्या हृदयाची पिळवटत जाणारी नळी यांसारख्या गोष्टी विच्छेदनाच्या टेबलावर नीट दिसतच नाहीत. म्हणून विच्छेदनाच्या आदल्या दिवशी प्रदेशाची ओळख करून घेणे आणि नंतर उजळणी करणे, या दोन वेळी हेडसेट सर्वाधिक उपयोगी पडतो असा आमचा अनुभव आहे.

याने खरोखर शिकणे सुधारते, याला पुरावा आहे का?

आहे, पण तो सर्व कामांसाठी सारखा नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याने 'कोणत्या कामासाठी?' असा उलट प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

हाताच्या कौशल्याबाबत पुरावा बळकट आहे. येल विद्यापीठातील एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, शल्यचिकित्सेच्या १६ निवासी डॉक्टरांची दोन गटांत विभागणी झाली आणि एका गटाने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा आभासी यंत्रावर सराव केला. त्यानंतर सर्वांनी खऱ्या रुग्णांवर पित्ताशय सोडवण्याची क्रिया केली. सराव केलेल्या गटाने हे काम २९ टक्के कमी वेळात केले, तर सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच ऊतक भाजण्याची शक्यता पाचपट होती. गट लहान होता, हे खरे. पण मोजमाप आभासी यंत्रावरचे नसून शस्त्रक्रियागृहातले होते आणि म्हणूनच हा अभ्यास आजही पुन्हापुन्हा सांगितला जातो. यश कशाने मिळाले हेही पाहावे. ठरावीक प्रावीण्याची पातळी गाठेपर्यंत सराव करायचा, अशी अट त्या गटाला होती. ठरावीक तास भरले की सुटका, अशी नव्हती.

शरीररचनेच्या ज्ञानाबाबत चित्र वेगळे आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ५९ जणांनी कवटीची रचना व्हीआर, एआर आणि साधा टॅबलेट यांपैकी एकेका साधनाने शिकली. नंतरच्या चाचणीत तिन्ही गटांच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. गुंतून जाण्याच्या बाबतीत विद्यार्थ्यांनी व्हीआर व एआरला पसंती दिली, मात्र डोकेदुखी, चक्कर आणि धूसर दिसणे या तक्रारी व्हीआरच्या गटात जास्त होत्या. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात श्रोणीच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या, रचनेवर झालेल्या कामात तर हातात धरायची साधी प्रतिकृती आभासी व मिश्र वास्तवापेक्षा सरस ठरली, आणि एक डोळा झाकून केलेल्या तुलनेने दोन्ही डोळ्यांनी मिळणाऱ्या खोलीच्या जाणिवेचे महत्त्व पुढे आणले.

यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो, की ज्या प्रकरणासाठी संग्रहात चांगली प्लास्टिकची प्रतिकृती आहे, त्यासाठी आधी तीच द्यावी. हाडे शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला आम्ही हाडांची पेटी काढून देतो, हेडसेट नव्हे. जी गोष्ट हातात धरता येत नाही, कापता येत नाही किंवा चुकून बिघडवता कामा नये, तिथे हेडसेट काढावा.

पण यात ग्रंथालयाचा संबंध काय? हे तर विभागांचे काम आहे.

हा प्रश्न अध्यापकांकडून येतो आणि त्यामागे शंकेपेक्षा कुतूहल जास्त असते, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे आम्हाला आवडते.

आभासी शरीररचनेच्या पायाशी असलेला एक फार मोठा संग्रह ग्रंथालयानेच घडवला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९८९ मध्ये 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्प हाती घेतला. देह जिलेटिनमध्ये ठेवून गोठवण्यात आला, त्याचा एकेक पातळ थर खरवडून काढण्यात आला आणि प्रत्येक थरानंतर उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घेण्यात आले. पुरुषदेहाचे थर १ मिलिमीटरचे होते आणि अशी १,८७१ छेदचित्रे १९९४ मध्ये उपलब्ध झाली. पुढच्या वर्षी आलेल्या स्त्रीदेहाच्या संग्रहात थर एक तृतीयांश मिलिमीटरचे होते आणि चित्रांची संख्या ५,००० च्या वर गेली. सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमाही सोबत होत्या. जगभरातील कितीतरी त्रिमितीय प्रतिकृती या छेदचित्रांवर उभ्या राहिल्या. या संग्रहातला पुरुषदेह मृत्युदंड झालेल्या कैद्याचा होता आणि त्याने देहदान केले असले तरी तुरुंगातल्या माणसाची संमती किती मोकळी असते, यावर तेव्हा गंभीर वाद झाला. आभासी देह दाखवताना आम्ही विद्यार्थ्यांना ही हकिकत आवर्जून सांगतो, कारण पडद्यावरचा देहही कुणाचा तरी असतो.

दुसरे कारण रोजच्या व्यवहारातले आहे. एका विभागाने घेतलेला हेडसेट त्या विभागाच्या वेळापत्रकानुसार उघडतो, बाकी वेळ कुलपात राहतो. ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे असते, ते सर्व शाखांचे असते, आणि वस्तू नोंदवणे, देणे, परत घेणे, ती कोणाला मिळाली नाही याची खबर ठेवणे हे त्याचे नेहमीचे काम आहे. परिचर्या, भौतिकोपचार आणि वैद्यक अशा तीन शाखांचे विद्यार्थी एकाच खांद्याच्या सांध्यासाठी एकाच टेबलाशी येतात, हे दृश्य आम्ही विभागांत क्वचितच पाहिले आहे.

रुग्णाच्या जागी उभे राहण्याचा अनुभव देणारे कार्यक्रम असतात म्हणे. ते काय आहेत?

शरीराऐवजी माणूस समजून घेण्यासाठी केलेले हे कार्यक्रम आहेत. अमेरिकेतील मेन राज्यातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाच्या ग्रंथालय विभागाने असा एक प्रकल्प राबवला आणि २०१८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात विद्यार्थी ७४ वर्षांच्या एका गृहस्थाच्या नजरेतून पाहतो. दृष्टिपटलाच्या विकाराने त्याच्या नजरेच्या मधोमध काळा डाग असतो आणि कानांवर शब्द अस्पष्ट पडतात. समोरचा डॉक्टर बोलत असतो आणि त्याचा चेहराच दिसत नाही.

अशा अनुभवानंतर लगेच चर्चा झालीच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. सात-आठ मिनिटे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे त्याचे आयुष्य कळले, असा गैरसमज होऊ शकतो. ज्या माणसाला हे रोज सोसावे लागते, त्याने या काळात जगण्याच्या काय युक्त्या शोधल्या आहेत, हे हेडसेट सांगत नाही. शक्य असेल तर तशा एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीलाच चर्चेला बोलवावे.

हेडसेट घातल्यावर मळमळते, चक्कर येते. हे का होते आणि काय करावे?

डोळे सांगतात की आपण पुढे चाललो आहोत आणि आतल्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण जागेवर उभे आहोत. या दोन बातम्यांचा मेळ बसला नाही की मेंदू अस्वस्थ होतो. बोटीत किंवा गाडीत लागते, त्याचीच ही उलटी बाजू आहे. डोके वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत विलंब झाला तरी हेच घडते, म्हणून हा विलंब सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत राखण्याचा प्रयत्न असतो.

डोळ्यांचा थकवा निराळ्या कारणाने येतो. खऱ्या जगात जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातले भिंग त्याच अंतरावर रोखले जाते. बहुतेक हेडसेटमध्ये मात्र डोळे आभासी वस्तूच्या अंतराप्रमाणे वळतात, पण भिंगाला एकाच ठरावीक अंतरावर रोखून राहावे लागते. म्हणून हृदय नाकाशी धरून पाहणारा विद्यार्थी हातभर लांब धरणाऱ्यापेक्षा लवकर थकतो. ही एक गोष्ट सांगितली तरी निम्म्या तक्रारी कमी होतात, असे आमचे निरीक्षण आहे.

बाकीचे उपाय सोपे आहेत. पहिल्या वेळी बसून घालावा आणि दहा मिनिटांत काढावा. हातात धरायच्या कंट्रोलरच्या दांडीने सरकत जाण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी मारण्याची सोय निवडावी. दोन बाहुल्यांमधले अंतर प्रौढांत सरासरी ६३ मिलिमीटर असले तरी माणसागणिक बदलते, त्यामुळे भिंगांमधले अंतर आपल्या डोळ्यांनुसार जुळवून घ्यावे. घाईत हीच पायरी नेमकी गाळली जाते. मळमळ सुरू झाली की 'अजून थोडे' म्हणू नये, ताबडतोब थांबावे. ज्यांना अपस्माराचा त्रास आहे किंवा कधी झटका आला आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हेडसेट घालू नये. वापरानंतर लगेच गाडी चालवू नये.

चष्मा असेल तर? किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल तर?

बहुतेक हेडसेटमध्ये चष्म्यासाठी वाढीव जागा ठेवता येते, मात्र चष्म्याची काच आणि हेडसेटचे भिंग घासले गेले तर दोन्हींवर ओरखडे पडतात, म्हणून तो अंतर राखणारा भाग बसवलेला आहे याची खात्री करावी. एकाच डोळ्याने दिसणाऱ्या, तिरळेपणा असलेल्या, चाकाच्या खुर्चीवर असलेल्या किंवा दोन्ही हातांनी कंट्रोलर धरू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला तोच आशय मोठ्या पडद्यावर त्रिमितीय स्वरूपात देता आला पाहिजे. हेडसेट हाच एकमेव मार्ग असेल, असा परीक्षेचा किंवा सक्तीचा भाग ठेवणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

स्वच्छता आणि देखभाल कशी राखावी?

चेहऱ्याला टेकणारा भाग पुसता येणाऱ्या कृत्रिम चामड्याचा किंवा सिलिकोनचा घ्यावा आणि प्रत्येक वापरानंतर अल्कोहोल नसलेल्या जंतुनाशक पुसणीने पुसावा. भिंगांना मात्र हात लावू नये. ती फक्त कोरड्या, मऊ, चष्म्याच्या कापडाने पुसावीत, कारण द्रवाने त्यांच्यावरचा लेप खराब होतो. डोळे आलेल्या किंवा त्वचेचा संसर्ग असलेल्या वाचकाने थोडे दिवस थांबावे, अशी सूचना आम्ही टेबलावर लावली आहे.

एक गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलो. पहिल्याच वर्षी एक हेडसेट खिडकीजवळच्या टेबलावर भिंगे वर करून राहिला होता. दुपारचे ऊन जेमतेम काही मिनिटे त्यावर पडले असेल, पण भिंगांनी ते आतल्या पडद्यावर गोळा केले आणि पडद्याच्या मधोमध पिवळसर, मोहरीएवढा ठिपका कायमचा उमटला. त्यानंतर जो कोणी त्यातून मेंदू पाही, त्याला मेंदूत एक गाठ दिसे. तेव्हापासून प्रत्येक हेडसेट पेटीत, भिंगे खाली करून आणि झाकण लावूनच ठेवला जातो.

जागा किती लागते?

उभे राहून वापरण्यासाठी साधारण २ मीटर लांब व २ मीटर रुंद मोकळी जागा धरावी. बसून वापरण्यासाठी हात पसरता येतील अशी, चाके नसलेली खुर्ची पुरते. वाचनकक्षात हे करू नये, कारण हेडसेट घातलेला माणूस नकळत मोठ्याने बोलतो.

हेडसेट घरी नेता येतो का?

आमच्याकडे ग्रंथालयातच वापरायचे आणि घरी न्यायचे असे दोन संच आहेत, आणि ही विभागणी इतरांनीही करावी असे वाटते. घरी देताना पेटीत काय काय आहे याची चित्रासह यादी असते: हेडसेट, दोन कंट्रोलर, वायर, चार्जर, चष्म्यासाठीचा भाग. परत घेताना वाचकासमोरच ती यादी तपासली जाते, यंत्रातला त्याचा मजकूर पुसला जातो आणि बॅटरी भरल्याशिवाय ते पुढच्या वाचकाला दिले जात नाही. यासाठी लागणारा कर्मचाऱ्यांचा वेळ पुस्तकाच्या देवघेवीच्या कितीतरी पट असतो; योजना आखताना नेमका हाच खर्च कागदावर येत नाही.

सॉफ्टवेअर खरेदी करताना काय पाहावे?

सर्वप्रथम परवाना व्यक्तीचा आहे की संस्थेचा, हे पाहावे. सामान्य ग्राहकांच्या दुकानातून घेतलेले ॲप बहुधा एका खात्याला बांधलेले असते आणि तेच अनेक वाचकांना देणे अटींत बसेलच असे नाही. संस्थेच्या परवान्यात एकाच वेळी किती जण वापरू शकतात, इंटरनेटशिवाय चालते का आणि वर्गणी थांबल्यावर काय उरते, हे लेखी विचारावे. त्यानंतर विषयाच्या अध्यापकाला ते तासभर वापरायला द्यावे. मज्जातंतूचा मार्ग चुकीचा दाखवणारी देखणी प्रतिकृती ही चुकीच्या पुस्तकापेक्षा घातक असते, कारण डोळ्यांनी पाहिलेले विसरले जात नाही. आशय कोणी तपासला आणि आवृत्ती कोणती, हे आम्ही तालिकेतील नोंदीत पुस्तकाप्रमाणेच लिहितो.

वापरताना आमची कोणती माहिती गोळा होते?

समजतो त्यापेक्षा जास्त. हेडसेटला डोक्याची व हातांची हालचाल सतत मोजावीच लागते, त्याशिवाय तो चालत नाही. काही यंत्रे नजरही टिपतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की ५११ व्यक्तींमधून एखाद्याला केवळ त्याच्या हालचालींच्या नोंदीवरून सुमारे ९५ टक्के वेळा अचूक ओळखता येते आणि त्यासाठी प्रत्येकाची पाच मिनिटांपेक्षाही कमी नोंद पुरते. नाव काढून टाकले म्हणजे माहिती निनावी झाली, हा समज इथे टिकत नाही.

वाचक काय वाचतो हे गुप्त ठेवणे ही ग्रंथालयाची जुनी निष्ठा आहे आणि ती इथेही लागू होते. म्हणून आम्ही वाचकाला स्वतःचे खाते उघडायला लावत नाही, संस्थेचे खाते वापरतो, नजर टिपण्याची सोय शिकण्यासाठी आवश्यक नसेल तर बंद ठेवतो आणि अध्यापकाला कोणत्या विद्यार्थ्याने किती चुका केल्या, हे त्या विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय कळवत नाही.

रुग्णाच्या स्वतःच्या स्कॅनवरून प्रतिकृती बनवता येते का?

येते. सीटी किंवा एमआरआयच्या प्रतिमा डायकॉम या प्रमाणित स्वरूपात साठवलेल्या असतात. थ्रीडी स्लायसरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडून, हवा तो अवयव थराथरांतून वेगळा करून त्याचा त्रिमितीय पृष्ठभाग तयार करता येतो. हाड सीटीत उठून दिसते म्हणून ते सोपे जाते. मऊ ऊतकांना मात्र तासन्‌तास हाताने काम करावे लागते. थर जाड असतील तर पृष्ठभागावर पायऱ्या दिसतात आणि विद्यार्थी त्यांनाच रचना समजतो.

संमती आणि ओळख लपवणे या दोन गोष्टींत तडजोड करू नये. फाइलवरचे नाव पुसणे पुरेसे नसते, कारण डोक्याच्या स्कॅनवरून चेहरा जसाच्या तसा उभा करता येतो. अशा प्रतिमांतून चेहऱ्याचा पृष्ठभाग आधी काढून टाकावा.

अभ्यासक्रमात हे नेमके कसे बसवावे?

'आमच्याकडे हेडसेट आहेत, त्यांचे काय करू या?' असा प्रश्न घेऊन येणाऱ्या अध्यापकांना आम्ही विनंती करतो, की विद्यार्थ्यांची दर वर्षी कुठे गाडी अडते ते आधी सांगा. उत्तर बहुतेक वेळा तयार असते.

एका बालरोगतज्ज्ञ अध्यापिकेने सांगितले, की हृदयाच्या पडद्याला असलेले छिद्र विद्यार्थी पाठ करतात, पण ते कुठे आहे हे त्यांना सांगता येत नाही. मग आम्ही वीस मिनिटांची बैठक आखली. विद्यार्थिनी हेडसेट घालून उजव्या जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याच्या, आत उभी राहते. मॅडम विचारतात, "डावी जवनिका कोणत्या बाजूला आहे, हात करून दाखव." ती गोंधळते, वळते, आणि मग हात लांब करून हवेतच भिंत चाचपते, तिथे तिला छिद्र सापडते. "आता रक्त कुठून कुठे जाईल? आणि फुप्फुसाकडच्या नळीचे तोंड तुला कुठे दिसते?" यापुढचे उत्तर तिला शोधावे लागते, आठवावे लागत नाही. दहा मिनिटांनी हेडसेट काढायचा आणि कोऱ्या कागदावर ते हृदय पेन्सिलीने काढायचे. रेखाटनात चूक निघाली तर पुन्हा एकदा, फक्त दोन मिनिटे, आत जायचे. कागद आणि पेन्सिल काढून घेतली तर या बैठकीतले निम्मे शिक्षण निघून जाईल, असे आम्ही खात्रीने सांगू.

वर्ग मोठा असेल तर एकाने हेडसेट घालावा, त्याला दिसते ते भिंतीवरच्या पडद्यावर दाखवावे आणि बाकीच्यांनी त्याला दिशा सांगाव्यात. 'वर' आणि 'बाजूला' म्हणायला बंदी. फक्त शरीररचनेच्या परिभाषेत बोलायचे. परिभाषा इतक्या वेगाने तोंडी बसताना आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही.

पाच वर्षांनी ही यंत्रे चालणार नाहीत. मग घेतलेल्या आशयाचे काय?

ही भीती खरी आहे. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा मिश्र वास्तवाचा हेडसेट २०१६ मध्ये आला, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आणि क्लीव्हलँड क्लिनिक यांनी त्यावर शरीररचनेचा संपूर्ण अभ्यासक्रम घडवला, आणि २०२४ मध्ये होलोलेन्स २ चे उत्पादन थांबले. अशा वेळी एकाच यंत्राशी बांधलेला आशय निराधार होतो.

म्हणून स्वतः तयार केलेली किंवा करून घेतलेली प्रत्येक प्रतिकृती आम्ही ॲपच्या बाहेर, ओबीजे किंवा जीएलटीएफ यांसारख्या खुल्या स्वरूपात जपतो. सोबत मूळ छेदचित्रे, संमतीची नोंद, अवयव कोणत्या पायऱ्यांनी वेगळा केला याचे टिपण आणि तपासणाऱ्या अध्यापकाचे नाव असते. विकत घेतलेल्या ॲपबाबत हे शक्य होत नाही, तिथे निदान बैठकीचा आराखडा आणि प्रश्न आम्ही आपल्याकडे ठेवतो. व्हिजिबल ह्यूमनची १९९४ मधली छेदचित्रे साध्या प्रतिमांच्या रूपात ठेवलेली होती. त्यांच्यासाठी लिहिलेली कितीतरी सॉफ्टवेअर आज सुरूही होत नाहीत, पण त्या प्रतिमा कोणालाही अजून उतरवून घेता येतात आणि गेल्याच सत्रात आमच्या एका विद्यार्थ्याने त्यांतून गुडघ्याचा सांधा तयार केला.